सकाळी सहाचा पारा

“पट्टा तरी नीट फुगवला होतास का गं?” डॉ. आठल्यांनी विचारलं, आणि भूपालअण्णा हसले.

समोरच्या खुर्चीतली मुलगी हसली नाही. डॉ. तहसीन नदाफ, वय एकोणतीस, राहणार मिरज. “वीसपर्यंत फुगवला होता, सर. दर वेळी. तीनदा मोजून सरासरी घेतलीय.”

ही १९९८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात भूपालअण्णा मगदुमांची हळदीची पेढी होती. तिच्या माडीवर आम्ही तिघं मुलाखती घ्यायला बसलो होतो. खालचे सौदे दुपारीच आटोपले होते, पण हळदीचा धुरळा जिना चढून वर येतच होता. अर्जावर बोट ठेवलं की बोट पिवळं.

अण्णांच्या पत्नी, रत्नाक्का, चौदा वर्षं संधिवाताने झिजून गेल्या. त्यांच्या नावाने अण्णांनी ट्रस्ट काढला आणि दर दोन वर्षांनी एका तरुण डॉक्टरला फेलोशिप द्यायला सुरुवात केली. अट एकच. दोन वर्षं दवाखाना थाटायचा नाही, सांध्यांच्या आजारावर संशोधनच करायचं. समितीत अण्णा अध्यक्ष, डॉ. आठल्ये तज्ज्ञ, आणि मी, कुमुदिनी शेटे, रुग्णांची प्रतिनिधी. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि मला हाच आजार होता, एवढीच माझी पात्रता. इतिवृत्त टाइप करायचं, निवड झालेल्याला शाल आणि नारळ द्यायचा. मत कोणी विचारत नसे, आणि मला ते सोयीचं होतं.

“हे बघ,” डॉक्टर तिला म्हणाले, “तू हळद निवडणाऱ्या एकतीस बायकांच्या मुठी मोजल्यास. त्यातल्या एकोणीस जणी माझ्या शिबिराच्या रजिस्टरात आहेत. तुझ्या कागदावर त्यांचा पारा चाळिशीच्या पुढे जात नाही. माझ्याकडे त्याच बायका एकशे वीस, एकशे तीस. दोन्ही खरं कसं असेल?”

पाऱ्याचं असं असायचं. रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून रुग्णाच्या मुठीत द्यायचा, थोडा फुगवायचा आणि सांगायचं, आवळा. पारा जितका चढेल तितकी मुठीत ताकद. आठल्ये डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या संधिवाताच्या शिबिरात हेच करत. अकरा वर्षं. स्वतःच्या स्कूटरवरून यायचे, एक पैसा घ्यायचे नाहीत.

“मी सकाळी सहाला त्यांच्या घरी जाऊन मोजलं, सर. तुम्ही अकराला मोजता.”

“सकाळी हात धरतात, आखडतात, हे मला शिकवू नकोस, बाळ. प्रत्येकीला विचारून लिहिलंय मी. किती वेळ धरतात? वीस मिनिटं. दहा मिनिटं. एकीनेही तासाच्या वर सांगितलेलं नाही.”

“मला तीन-तीन तास सांगतात.”

“तुलाच बरं सांगतात!”

“मी कोणी मोठी नाही ना, सर,” ती म्हणाली. “माझी कसली भीड?”

अण्णांनी विषय बदलला. “फेलोशिप नाही मिळाली तर काय करणार, मुली?”

“एक तारखेला कोल्हापूरला एका दवाखान्यात रुजू होईन. घरी दोघी बहिणी शिकतायत.” तिने कागद आणि सही व्हायचा राहिलेला अर्ज गोळा केला. “मग हे काम राहिलं. दुसरं कोणी करील असं वाटत नाही. त्यासाठी सहाला उठावं लागतं.”

येते, असं म्हणून ती जिना उतरून गेली.

“तोंडाची तिखट आहे,” अण्णा म्हणाले.

“कष्टाळू आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण मोजणीच चुकली तर कष्ट घेऊन काय करायचं? पुण्याचा तो पेंडसे बरा. प्रयोगशाळेतलं काम आहे, नेटकं आहे. त्याला मी मार्गदर्शन करीन.”

तिथे विषय संपल्यासारखाच होता. अर्जावर मार्गदर्शक म्हणून एका ज्येष्ठ डॉक्टरची सही लागायची, आणि या आजाराचे जाणकार आमच्या भागात एकटे आठल्येच. मी खाली बघत होते. माझ्या टाचणवहीत ‘पेंडसे’ हे नाव लिहायला घेतलं होतं. पें लिहिलं आणि पेन थांबलं.

“बाई, तुमचं काही?” अण्णांनी शिष्टाचार म्हणून विचारलं.

“माझं मत उद्या सकाळी सांगते,” मी म्हटलं. “सहा वाजता दोघं माझ्याकडे या. डॉक्टर, येताना तुमचं पाऱ्याचं यंत्र आणा.”

“सहाला? अहो बाई, मी पेशंटकडेसुद्धा सहाला जात नाही!”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. सहा वर्षांत मी त्या माडीवर चहाला ‘हो’ यापलीकडे बोलले नव्हते. “येऊ,” ते म्हणाले. “चहा मात्र कडक करा.”

मी इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर एकटी राहत असे. रोज साडेतीनला उठायची. दोन्ही मनगटांत धरून गॅसचं बटण फिरवायचं, गोळी घ्यायची, गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायचं. पाणी निवलं की पुन्हा तापवायचं. साडेसहाला हात माझे व्हायचे. सातच्या बॅचची मुलं यायची तेव्हा मी वेणी घालून, निऱ्या चोपून, टाइपरायटरशी उभी असायची. त्या मुलांना वाटत असावं, शेटेबाई इस्त्री केलेल्या साडीतच जन्माला आल्या.

त्या दिवशी मी उठलेच नाही. गजर बंद ठेवला होता. जाग साडेतीनलाच आली, पण तशीच पडून राहिले, पाणी नाही, गोळी नाही. साडेपाचला अंथरुणातून बाहेर पडायला पंधरा मिनिटं लागली. साडी नेसायचा प्रश्नच नव्हता. परकराची गाठ मारता येत नव्हती. गाऊनवर शाल ओढली. केस विंचरायला कंगवा बोटांत ठरेना. ठेवून दिला.

बरोबर सहाला दार वाजलं.

“थांबा,” मी ओरडले. “येते.”

दाराला तोंडाच्या उंचीवर कडी आणि खाली बोल्ट. बोल्ट मी तळव्याने ढकलायला गेले. हात सरकला. पुन्हा. बाहेरून अण्णांचा आवाज आला, “बाई?”

“उघडतेय.”

“काही अडचण आहे का?”

“आहे. थांबा.”

मी कोपराने ढकललं. मग शालीचं टोक बोल्टच्या दांडीला अडकवून ओढायला लागले. बाहेर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “पडल्या वाटतं. मी खांदा लावतो दाराला.” मी आतून म्हटलं, “दाराला हात लावायचा नाही, डॉक्टर! घड्याळ बघा फक्त.”

नंतर अण्णांनी सांगितलं, अकरा मिनिटं झाली होती. मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, त्या बोल्टचा, आणि त्याहून जास्त रोज साडेसहाला तो सहज सरकवणाऱ्या बाईचा. शेवटी बोल्ट सरकला, कडी दातांत धरून पाडली आणि दार उघडलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. विस्कटलेले केस, गाऊन. आमच्या पिढीत परक्या पुरुषांपुढे असं कोणी उभं राहत नसे.

“बसा,” मी म्हटलं. “चहा अण्णा करतील. मला गॅस लावता येत नाही. डॉक्टर, तुम्ही मोजा.”

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला आणि माझ्या मुठीत दिला. मुठीत म्हणजे तळव्यावर ठेवला, मूठ वळत नव्हतीच.

“आवळा.”

मी आवळलं. त्यांनी पाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा.

“अडतीस,” ते म्हणाले. “याच महिन्याच्या पहिल्या रविवारी एकशे तीस होता तुमचा. आजार उसळलाय, बाई. कधीपासून?”

“उसळलेला नाही. रोजच असं असतं.”

“रोज? मला कधी बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

“मी दर महिन्याला विचारत होतो!”

“विचारत होता. मी म्हणत होते, बरंय.” मग जे सांगायला त्यांना बोलावलं होतं ते सांगून टाकलं. “डॉक्टर, शिबिराच्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये बसता. मागच्या अंगणात काय चालतं ते तुम्ही कधी पाहिलं नाही. तिथे मी चुलीवर मोठं घंगाळ ठेवते. कढत पाणी, त्यात अण्णांच्या पेढीवरची मूठभर हळद. बायका नऊपासून रांगेत असतात. एकेक जण अर्धा-अर्धा तास त्यात हात घालून बसते, मग पदराला पुसून तुमच्यापुढे येते. आखडलेले हात घेऊन डॉक्टरांपुढे कसं जायचं? दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यावं, तसं द्यायची मी. कोणी मेडिकलमधली गोळी गिळून येते. आणि मी रांगेत फिरून सगळ्यांना दटावते. रडगाणं गाऊ नका. डॉक्टर स्वतःचा रविवार मोडून येतात. विचारलं तर थोडक्यात सांगा.”

डॉक्टर उभे राहिले. “अकरा वर्षं?”

“अकरा वर्षं.”

“मी त्या आकड्यांवर दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचला. दोनदा.” त्यांचा आवाज चढला. “शहाण्णव साली तुमच्या गोळ्या कमी केल्या. उत्तम प्रतिसाद म्हणून!”

“हो. आणि मी तुम्हाला पेढे दिले.”

“का, पण का? औषध मागायचं सोडून...”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून,” मी म्हटलं. “फुकट औषध देणाऱ्याला कसं सांगायचं, की उपयोग होत नाही? त्या मुलीचे आकडे खरे आहेत, डॉक्टर. तुमचे माझ्यामुळे खोटे आहेत. माझं मत तिला.”

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. अण्णा दारात उभे होते, हातात चिमटा तसाच. चहा उतू गेल्याचा वास येत होता.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही उठता कितीला?”

“साडेतीन.”

“रत्ना चारला उठायची.” ते डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडेच बघत होते. “मी बस्तीत, देवळात, सगळ्यांना सांगत असे, आमची रत्ना पहाटे चारला सामायिकाच्या ध्यानाला बसते, दोन-दोन तास. मुनिमहाराजांनासुद्धा कौतुकाने सांगितलं होतं.”

“बसतही असतील, अण्णा. धर्मध्यान करणाऱ्याच होत्या त्या.”

“स्वयंपाकघराचं दार आतून लावून?”

ते आत गेले आणि त्यांनी गॅस बंद केला.

डॉक्टरांनी यंत्राची पेटी मिटली. मला वाटलं, आता जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. दारापाशी ते थांबले. अजून रागातच होते.

“एका रुग्णावरून निष्कर्ष काढत नसतात, बाई. उद्या सहाला त्या मुलीला बोलवा. माझ्या रजिस्टरातली बाई मी निवडणार. तिला आधी कोणी काही सांगायचं नाही. पारा मी माझ्या हाताने बघणार. शंभराच्या वर गेला तर पेंडसे.”

“आणि नाही गेला तर?”

ते जिना उतरून गेले. उतू गेलेला, काळा झालेला चहा मी आणि अण्णा प्यालो.

दुसऱ्या दिवशीही मी पाण्यात हात घातला नाही. केस तसेच, गाऊनवर शाल. फरक इतकाच की या खेपेला जिना उतरून रस्त्यावर यायचं होतं. दार मी रात्रीच नुसतं लोटून ठेवलं होतं. खाली तहसीन वाट बघत होती. तिने मला पाहिलं आणि माझ्या कोपराला धरलं. समोरून सायकलवर येणारा दूधवाला मला न ओळखता सरळ निघून गेला.

डॉक्टरांनी मालन कांबळेला निवडलं होतं. यार्डामागच्या गल्लीत तिचं घर; डॉक्टर तिथे पेटी घेऊन आधीच येऊन थांबले होते. सगळ्या रजिस्टरात सर्वांत चढा पारा तिचा, एकशे चाळीस. तहसीन माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, माझ्याकडे बत्तीस आहे तिचा. पण सरांना बघून ती...” पुढचं बोलायची गरज नव्हती. तहसीनला मालनशी बोलायची मनाई होती, एक शब्द बोलली असती तर डॉक्टर म्हणाले असते, पढवलं.

दार उघडंच होतं. मालन चुलीपुढे बसली होती, वर पातेल्यात पाणी वाफाळत होतं. डॉक्टरांना बघताच तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“आगं बया! डाक्टर, तुमी हितं?”

“कसं आहे, मालन?”

“लई झ्याक हाय. तुमच्या गोळ्यांनी पार फरक पडला बघा. बसा की. जरा तोंडावर पाणी मारून येते.” आणि ती त्या पातेल्याकडे वळली.

डॉक्टर वाकून पेटी उघडत होते. त्यांना ते दिसलंच नाही. तहसीनने माझ्याकडे पाहिलं.

“मालन,” मी म्हटलं, “पाण्यात हात घालू नकोस.”

तिने मान वळवली. पहिल्यांदा तिला कळलंच नाही, कोण बोलतंय. मग तिचे डोळे विस्फारले. “बाई? आणि ह्ये काय?”

मी शालीतून हात बाहेर काढले आणि तिच्यापुढे धरले. उलटे-सुलटे करून दाखवायचं होतं, पण मनगटं वळेनात. नुसतेच धरले.

“तुमी तर टायपिंग शिकवताय.”

“सातला शिकवते. आत्ता किती वाजलेत?”

ती जवळ आली. स्वतःचा पदर विसरली आणि तिचा हात बाहेर आला, माझ्यासारखाच. “म्हंजी तुमचं बी आमच्यावानीच?”

“तुझ्यावानीच.”

मला वाटलं होतं तिला माझी कणव येईल. तिला आला राग. “मग त्या घंगाळापाशी हुभं राहून आमास्नी दटावत हुता ते? रडगाणं गाऊ नका म्हणून? सोताचं बी लपवून?”

“हो.”

“तुमाला बघून मला वाटायचं, बाई बऱ्या झाल्या, मलाच कसं गुण येत न्हाई. माझंच कायतरी पाप आसंल.”

हे मात्र माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी त्या दिवसातलं पुष्कळ पुसट झालंय, हे वाक्य झालेलं नाही.

“चुकलं माझं, मालन.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळली. “वाईट वाटू द्यायचं न्हाई तुमास्नी, डाक्टर. म्हनून सांगत नव्हतो.”

“वाटू दे वाईट,” डॉक्टर म्हणाले. “हात आण इकडे.”

ती खाली बसली. डॉक्टर तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसले. पट्टा तिच्या तळव्यावर ठेवला, वीसपर्यंत फुगवला. तहसीन लांब उभी राहिली, हात मागे बांधून, जणू परीक्षा तिचीच होती. तशी ती होतीच.

“आवळ,” डॉक्टर म्हणाले.

पारा थोडा हलला आणि थांबला.

“आवळ ना, मालन.”

“आवळलंय की, डाक्टर.”

डॉक्टर त्या पाऱ्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग रजिस्टर मांडीवर उघडून एकशे चाळीसच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, पस्तीस. पुढे वेळ, सहा वाजून वीस मिनिटं.

“किती वेळ धरतात हात?” त्यांनी विचारलं.

“यार्डात नवाचा भोंगा हुईस्तवर.”

तेही लिहिलं. मग मागे न बघता हात पसरून म्हणाले, “नदाफ, तुझा अर्ज.”

तहसीनने पिशवीतून तो काढून दिला. डॉक्टरांनी मार्गदर्शक या रकान्यात सही केली, तारीख घातली आणि अर्ज तिच्या हातात दिला. पेनला टोपण मात्र लावलं नाही.

“पुढचं घर कुठलं?”

“पलीकडच्या गल्लीत, सर,” ती म्हणाली. “अजून अठरा आहेत. साडेसातच्या आत जमतील तेवढी करू, मग बायका कामाला निघतात.”

“मग उभी काय राहिलीस?” डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून उठले. “चला, बाई. तुम्ही पुढे चला.”